घोडेवाटेवरचे श्रीरंगदादा

श्रीरंगदादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका घोड्याला "जेवलात का" म्हणून विचारत होते.

मी तेव्हा नुकतीच परदेशात, बॉथेल नावाच्या गावाला आले होते. पाऊस, ऑफिस, पाऊस एवढंच चाललं होतं. एका शनिवारी घरात बसून डोकं उठलं म्हणून जवळच्या जंगलात एकटीच चालायला गेले. वळणावर बघते तर चिखलातून एक बदामी घोडा येतोय, त्यावर पांढऱ्या केसांची एक गोरी बाई, आणि वाटेच्या खालच्या अंगाला, नेच्यांच्या झुडपात, सायकल धरून उभा असलेला एक हेल्मेटवाला माणूस खणखणीत साताऱ्याच्या सुरात म्हणतोय, "काय बिस्किटराव, जेवलात का? या, या. मीच आहे. माणूसच आहे." घोडा कान हलवत शांतपणे निघून गेला. बाई हसून थँक यू म्हणाली. मी तिथंच उभी राहिले.

"मराठी?" मी विचारलं.

"घोडा नाही. मी आहे," ते म्हणाले. मग माझं गाव विचारलं. नागपूर म्हटल्यावर त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नागपूर'च झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला शेवटपर्यंत शंका होती. सगळ्यांनाच ते गावाच्या नावानं हाक मारायचे. एका पार्टीत त्यांनी "ए धुळे, पाणी दे की" म्हटल्यावर दोन जण उठले होते.

घोड्याशी बोलण्याचं शास्त्र त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. त्या जंगलातल्या जुन्या वाटा घोडेवाल्यांच्या. सायकलवाल्यांना परवानगी आहे, पण मान घोड्याचा. घोडा दिसला की उतरायचं, वाटेच्या खालच्या बाजूला उभं राहायचं, आणि बोलायचं. "वरच्या बाजूला उभं राहिलं तर त्याला वाटतं, जनावर टपून बसलंय. आणि गप्प राहिलं तर खालचा पण जनावरच वाटतो. हेल्मेट, चष्मा, पाठीवर पोतं. त्याला कसं कळावं माणूस आहे ते? आवाज ऐकला की कळतं." पण मराठीत का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दिवसभर इंग्रजीच बोलतो की. त्याला काय, सूर कळतो. शब्द आपल्या सोयीचे."

दादा एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाजानं मात्र दांडगे. त्यांच्या घरच्या गणपतीत पुढं होऊन आरती तेच म्हणायचे, आणि शेजारच्या घरातला कुत्रा पहिल्या कडव्यालाच भुंकायला लागायचा. सायकल जुनी, लोखंडी, मागे स्प्रिंगबिंग काही नाही. खिशात गूळ-शेंगदाणे. त्यातला गुळाचा खडा बिस्किटला, पण आधी रूथची, म्हणजे त्या घोडेवाल्या बाईची, परवानगी घेऊन. मला सायकल त्यांनीच घ्यायला लावली. चाळिशीनंतर माझ्यासारख्या घाबरट बाईनं डोंगरात सायकल घालावी, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.

आता सांगायचं तर त्या डोंगराला दोन अंगं. एका अंगाला खास सायकलींसाठी बांधलेले ट्रेल. वळणावळणावर मातीचा बांध घातलेला, उड्या मारायला उंचवटे, ओढ्यावर लाकडाच्या फळ्या, सगळी एकेरी वाहतूक, आणि सोपं-अवघड कळावं म्हणून हिरव्या, निळ्या, काळ्या रंगांच्या पाट्या. दुसऱ्या अंगाला दादांची घोडेवाट. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिथं पाटी नाही, बांध नाही. मुळं, चिखल, लीद, पडलेली झाडं, आणि ऑक्टोबर लागला की दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखा उजेड.

मला खरं विचाराल तर बांधलेला ट्रेलच बरा वाटायचा, आणि मी ते तोंडावर सांगायचे. "दादा, तिकडं कसं, मूळ आडवं येत नाही की घोडा समोर येत नाही."

"बरा आहेच की. मी कुठं वाईट म्हणतोय? पण तिथं रस्ताच सायकल चालवतो, आपण नुसतं बसायचं. इकडं विचारत विचारत जावं लागतं."

"कोणाला विचारायचं?"

"जो भेटेल त्याला."

गंमत म्हणजे, बांधलेल्या ट्रेलवर श्रमदान असलं की फावडं घेऊन हे सगळ्यात आधी हजर. "करायला जातो. चालवायला जात नाही," म्हणायचे. असला उफराटा माणूस.

त्यांची एकुलती मुलगी सानिका मात्र बांधलेल्या ट्रेलचीच. लहानपणी सायकल शिकली ती घोडेवाटेवर, बाबांच्या मागं मागं. घोडा आला की त्यांच्या पाठीआड लपायची. मग वयात आली, उड्या मारायला लागली, आणि डोंगराचं ते अंग तिनं सोडलं ते सोडलंच. बांधकामाचं इंजिनिअरिंग शिकली आणि ऑफिसात बसायचं सोडून सायकलींचे ट्रेल बांधणाऱ्यांच्या गटात नोकरीला लागली. मेधावहिनी, म्हणजे दादांची बायको, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "इंजिनिअर होऊन फावडं हातात." दादा म्हणाले, "माती ओळखते पोरगी. ऑफिसात कुठं असते माती?" त्यांना अभिमान होता. पण तो त्यांनी मला सांगितला, बायकोला सांगितला, बहुधा बिस्किटलाही सांगितला असेल. तिला सांगितला नाही.

मग तिनं स्वतः आखलेला पहिला ट्रेल तयार झाला. हिरव्या पाटीचा, सोपा. उद्‌घाटन शनिवारी होतं. त्याआधी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होते. सानिका म्हणाली, "बाबा, यू अँड मी, फर्स्ट राइड. ओके?"

दादा आमटी वाढून घेत होते. म्हणाले, "तिथं समोरून कुणी येत नाही ना? मग मी बोलू कुणाशी? तुम्ही जावा की. मी आहे आपला घोडेवाटेवर."

ते थट्टेत म्हणाले, हे मला कळलं, वहिनींना कळलं. पण चेष्टा करताना समोरच्याला ती कळेल एवढी तरी खूण चेहऱ्यावर असावी लागते, आणि त्या दिवशी ती नव्हती. सानिकानं पान तसंच ठेवलं. "यू नेव्हर चूज माइन," एवढंच म्हणाली आणि वर गेली. शनिवारी दादा खरंच गेले नाहीत. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, पाय जड झाले होते, असं काहीतरी वहिनींना म्हणाले. आम्हाला ती सबब वाटली.

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी होत गेलं. आणि आम्ही सगळे मराठी लोक असल्यामुळे आम्हाला त्याचा अर्थ तत्काळ कळला. त्यांनी बोलणं टाकलं होतं.

यालाही इतिहास होता, आणि तो दादांनीच रंगवून सांगितलेला. साताऱ्याला त्यांचे वडील आणि काका एकाच घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. "काकांना सांग, पाणी तापलंय" असले निरोप पोरांनी पोचवायचे, काका तीन हातांवर बसलेले असताना. "आमच्यात भांडत नाहीत, नागपूर. भांडण चार दिवसांत मिटतं. अबोला पेन्शनपर्यंत पुरतो," म्हणून ते खो खो हसायचे. त्यामुळे वहिनींनी एकदाच सुस्कारा टाकला. "यांच्या घराण्यातच आहे ते. उतरेल तेव्हा उतरेल." अबोला धरलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारायचं नसतं, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. जेवण वाढायचं, चहा पुढं ठेवायचा, वाट बघायची. आम्ही तेच केलं.

गणपतीत आरतीला ते उभे राहिले, टाळ हातात, ओठ हलत होते, पण आवाज बाकीच्यांचाच. शेजारचा कुत्रा त्या वर्षी भुंकला नाही. धुळ्याची एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढा काय तो राग. देवासमोर तरी सोडावा ना." दादांचा चेहराही तसाच झालेला, ताठ, कपाळावरची आठी हलत नाही. सानिका संध्याकाळी चिखलाचे बूट घेऊन दारातून यायची. दादा दाराजवळच्या खुर्चीत. ती क्षणभर थांबायची, त्यांच्याकडे बघायची, आणि जिना चढून जायची. हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "सानिका, बाबांना सांग चहा झालाय," आणि ती मला सांगायची, "मावशी, टेल हिम, प्लीज."

घोडेवाटेवर मी त्यांच्याबरोबर जातच होते. तिथंही मी सारखं काय? काय? करायचे आणि दोष द्यायचे माझ्या हूडला, पावसाला, टायरच्या आवाजाला. एकदा पडलेल्या झाडावर शेंगदाणे खात बसलो होतो. अगदी खांद्याला खांदा लागून होतो म्हणून ऐकू आलं. म्हणाले, "पोरगी बोलत नाही माझ्याशी. विचारलं तरी उत्तर देत नाही."

मला रागच आला. म्हटलं, "दादा, तुम्ही आधी बोला की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून डोळ्यांपुढून जात नाही. मग गुळाचा खडा कागदात बांधून खिशात ठेवला.

मग नोव्हेंबरातला तो शनिवार. दादा पुढं, मी मागं. वळणावर ते उतरलेले दिसले, नेहमीसारखे खालच्या बाजूला. समोरून बिस्किट येत होता. दादांचे ओठ हलताना मला दिसले, आणि मी मनात म्हटलं, चला, घोड्याशी तरी बोलतायत. बिस्किटनं मान वळवली. नेच्यांत काहीतरी उभं आहे, रेनकोटातलं, न हलणारं, आवाज न करणारं, एवढंच त्याला दिसलं असणार. तो एकदम उसळला, वाटेच्या वरच्या कडेला धडकला, आणि रूथ खाली पडली.

मी सायकल टाकून धावले. रूथचा हात मनगटातून वाकडा झालेला. बिस्किट पुढं जाऊन थरथरत उभा होता. दादा जागचे हलले नव्हते. त्यांच्या तोंडाशी कान नेला तेव्हा शब्द कळले. "मी बोललो की. नागपूर, मी बोललो ना? मोठ्यानं बोललो."

हात छातीशी धरून चिखलात बसलेली रूथ त्यांच्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, आता ही बाई ओरडणार, आणि ओरडली असती तर तिचं चुकलं नसतं. ती मला म्हणाली, "तो बोलला. मी ओठ पाहिले. याचा आवाज कधीपासून असा झालाय?" मी म्हटलं, घरात जरा रागावलेत, म्हणून. ती म्हणाली, "राग नाही हा. माझा नवरा शेवटी शेवटी असाच बोलायचा. याला डॉक्टरकडे घेऊन जा."

पार्किन्सन्स निघाला. आम्हाला वाटायचं, त्यात हात कापतात. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचे कापतातच असं नाही. कुणाचा आवाज आधी जातो, चेहरा घट्ट होतो, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला स्वतःला वाटत असतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय.

हे ऐकून वहिनी त्यांना घरी घेऊन आल्या तेव्हा मी तिथंच होते. सानिका कामावरून आली, बूट पायात, दारातच उभी राहून तिनं वहिनींकडून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सो ही वॉज टॉकिंग? बाबा बोलत होता? ऑल दॅट टाइम?"

दादा खुर्चीत बसून काहीतरी म्हणाले. दारापर्यंत ते पोचलं नाही. वहिनी वाकल्या, कान त्यांच्या तोंडाशी नेला, आणि मग सरळ होऊन, तिच्याकडे न बघता त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं.

"म्हणतायत, रोज विचारत होतो की. दारातून आली की रोज विचारायचो, जेवलीस का. ही तशीच वर जायची. म्हटलं, नसेल बोलायचं पोरीला."

सानिका दारातच खाली बसली आणि बुटांची नाडी सोडायला लागली. ती नाडी तिला बराच वेळ सुटली नाही. मी चहा टाकायला आत गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.

पुढं त्यांना आवाजाचे व्यायाम दिले. मोठ्यानं "आ" म्हणायचं. दादा वैतागायचे. "मला वाटतं मी सांगलीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडतोय, आणि तुम्ही म्हणता, काय?" जवळ बसून ऐकलं तर विनोद अजून शाबूत होता. सायकल चालवणंही शाबूत होतं. चालताना अडखळायचे, पण सायकलवर बसले की पहिल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, चालवा, जेवढी चालवाल तेवढी चांगली.

आम्हाला वाटलं, चला, घोडेवाट राहिली. दादा नाही म्हणाले. मी घंटी बसवू म्हटलं. सानिका म्हणाली, तुझा जुना व्हिडिओ आहे, त्यातला आवाज स्पीकरवर लावू. रूथनंही हाताच्या प्लास्टरसकट घरी येऊन सांगितलं की ये, मीच आधी हाक मारत जाईन. दादांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "घंटी वाजली म्हणजे काहीतरी आहे एवढंच कळतं, माणूस आहे हे कळत नाही. आणि फोनमधला आवाज लावून त्याला फसवायचं? तो माझ्या आवाजावर विश्वासानं जायचा, नागपूर. आवाज नाही त्यानं घोड्यांच्या वाटेवर जाऊ नये. बाईचा हात मोडला तेवढा पुरे."

आणि असे ते बांधलेल्या ट्रेलवर आले. सानिकाच्या, हिरव्या पाटीच्या. समोरून कुणी येत नाही, कुणासाठी उतरावं लागत नाही, बोलावं लागत नाही. दोन उन्हाळे ते तिथं फिरले. सानिका मागं असायची. तिला बरं वाटायचं, आणि का वाटू नये? एवढी वर्षं तिची इच्छा होतीच. मी खाली बाकावर बसून बघायचे. त्या कलत्या वळणांवरून ते सुरेख यायचे, न थांबता, न चुकता, त्या न हलणाऱ्या चेहऱ्यानं. एकदा माझ्याशेजारी येऊन बसले. मी विचारलं, कसा आहे पोरीचा ट्रेल?

"फार चांगला केलाय," ते म्हणाले. मी कान अगदी जवळ नेला होता. "तिला सांग. कुणाची गरजच लागत नाही."

मी सानिकाला पहिलंच वाक्य सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं. गिळताना ठसका लागायचा, तेच छातीत उतरलं. दवाखान्यात शेवटचे काही दिवस ओठ हलायचे, आणि सानिका त्यांच्या तोंडाशी कान ठेवून बसायची. तिला काय ऐकू आलं, काही ऐकू आलं की नाही, ते मी विचारलं नाही. दादा गेले, आणि सगळं पाऊस असतानाच उरकलं.

मार्चमध्ये एका शनिवारी सानिका माझ्या दारात आली. त्यांची जुनी लोखंडी सायकल घेऊन. म्हणाली, "मावशी, चल. घोडेवाट." हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. बारीक पाऊस होता. ती पुढं, मी मागं. मुळांवरून ती अवघडून जात होती. बांधलेल्या रस्त्याची सवय, इथं दोनदा घसरली.

त्याच वळणाच्या थोडं अलीकडे टापांचा आवाज आला. रूथ पुन्हा घोड्यावर बसायला लागली होती, ते मला माहीत होतं. सानिका उतरली. खालच्या बाजूला गेली, नेच्यांत, गुडघ्यापर्यंत भिजत. बिस्किट वळणावर आला आणि तिला बघून थबकला, मान वर, कान ताठ. रूथनं लगाम आवळला. ज्या मुलीनं मराठीत विचारलेल्याला आयुष्यभर इंग्रजीत उत्तर दिलं, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "काय बिस्किटराव, जेवलात का? या. मीच आहे. माणूसच आहे."

बिस्किटचे कान खाली आले. तो तिच्या अगदी जवळून, संथपणे पुढं गेला. जाताना रूथनं सानिकाच्या खांद्याला हात लावला. टापा लांब गेल्या. मी सायकल उचलली, पण सानिका वर आली नाही. ती तशीच खालच्या बाजूला उभी होती, रिकाम्या वाटेकडे तोंड करून, बाबांची सायकल धरून.

मग हळूच म्हणाली, "हो बाबा. जेवले."